मनपा-झेडपीच्या शाळेतून नवोदयला जायचंय? फॉर्मपासून पहिल्या दिवाळीपर्यंत काय काय करायचं (नागपूर जिल्हा)

तुमचं मूल चौथी-पाचवीत आहे, शाळा मनपाची नाहीतर झेडपीची, एकच मॅडम दोन-दोन वर्ग सांभाळून राहिल्या आणि त्यातही कधी बीएलओची (मतदार यादीची) ड्युटी कधी कुठला सर्व्हे, मूल हुशार आहे हे घरात सगळ्यांना दिसतं पण शाळेत गाडी पुढं सरकत नाही, अशा घरांसाठी हे लिहून राहिले. मी आमच्या वस्तीत संध्याकाळी मुलांना अभ्यासाला बसवते, त्यातली काही नवोदयला गेली, काही नाही गेली, आणि दोन्ही घरांतले लोक मला तेच ते प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं नीट सांगते.

आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला आहे, नागपूरपासून साधारण ५० किलोमीटर, पेंचचं जे पाणी आपल्या नळाला येतं ते तिथल्याच धरणातून. शाळा केंद्र सरकारची, सीबीएसई, सहावी ते बारावी, मुलं तिथंच राहतात. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विद्यालय विकास निधी असतो पण मुलींना, एससी-एसटीला आणि बीपीएलवाल्यांना तोही माफ आहे (सरकारी नोकरीवाल्यांच्या मुलांना जास्त, १५००). देशातली पहिली दोन नवोदय १९८५-८६ मध्ये सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या शेजारी अमरावतीला, म्हणजे विदर्भाला ही शाळा नवीन नाही, तरी आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही अर्ध्या लोकांना पाचवी संपल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो, याचं मला फार वाईट वाटतं.

उशीर कारण सहावीची परीक्षा एकदाच देता येते, मूल पाचवीत शिकत असताना. पुढच्या वर्षी परत देऊ, पाचवीत परत बसवू, असलं काही चालत नाही. वयाचीही अट असते, जन्मतारखेची रेंज दरवर्षी माहितीपत्रकात देतात ती पहिले बघा. फॉर्म पावसाळ्यात सुटतात, ऑनलाइन, फी शून्य. परीक्षा कधी डिसेंबरात होते कधी जानेवारीत, त्यामुळं पावसाळा लागला की नवोदयची वेबसाइट बघायची सवयच लावून घ्या. आणि फॉर्म भरून सीट पक्की करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, तिथं सेटिंग नावाचा प्रकार नाही, तुमचे पैसे जातील बस.

आता नागपूरच्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ जिथं होतो ते. एका नवोदयला सहावीत जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या कमीत कमी ७५ टक्के ग्रामीण मुलांना, म्हणजे शहरातल्या मुलांच्या वाट्याला फार तर वीसेक, आणि त्या वीससुद्धा मेरिटवर, तिथं ग्रामीणवालाही येऊ शकतो. तिसरी, चौथी, पाचवी अशी तिन्ही वर्षं पूर्ण खेड्यातल्या शाळेत काढली असतील तरच मूल ग्रामीण धरतात, मधात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं तरी ते शहरी. आणि शहर म्हणजे फक्त नागपूर मनपा नाही बरं का, कामठी, उमरेड, काटोल, वाडी, जिथं नगरपरिषद तिथं शहर. वाडीकडचे बरेच लोक स्वतःला गावातले समजतात आणि फॉर्मवर रूरल टिक करतात, मग नाव लागल्यावर कागद तपासताना अडकतात आणि रडारड होते. पाचवीत नाव काढून मामाच्या गावच्या शाळेत टाकायचं हाही उपाय लोक करून बघतात, त्याचा काही फायदा नाही, उलट मुलाचं ते एक वर्ष हलतं. तुम्ही शहरात असाल तर शहरी म्हणूनच भरा आणि स्पर्धा टाइट आहे हे मुलाला नाही, स्वतःला सांगून ठेवा.

पोरीच्या आईवडलांसाठी वेगळं सांगते, एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात आणि फी सगळी माफ. पोरगी लहान आहे, तिकडं कशी राहील, असं म्हणून फॉर्मच नाही भरायचा असं नका करू. परीक्षा तरी देऊ द्या, पाठवायचं की नाही ते नाव लागल्यावर ठरवता येतं.

फॉर्मसाठी लागणारी कागदं: मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही, आणि हेडमास्तरांच्या सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट ज्यात कुठल्या वर्षी कुठल्या शाळेत होता ते सगळं भरलेलं असतं. मुलाची सही म्हणजे मुलानंच केलेली, तुम्ही करायची नाही, ती प्रॅक्टिस आधी करून घ्या कारण पाचवीतली मुलं दर वेळेस वेगळीच सही करतात. ओबीसी असाल तर जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा आणि सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलं काढा, राज्याचं तिथं चालत नाही, आणि हे सेतूतून यायला वेळ लागतो म्हणून परीक्षा झाली की लगेच अर्ज टाकून द्या, रिझल्टची वाट बघू नका.

हेडमास्तरांचं एक समजून घ्या. पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात, हुशार पोरं गेली की पट कमी होतो आणि संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक ते ठरतं तेव्हा) एखादं पद उडू शकतं, त्यामुळं काही ठिकाणी सहीसाठी उद्या या परवा या होतं. भांडू नका. शांतपणे दोनदा-तीनदा जा, सोबत छापलेलं माहितीपत्रक न्या. आणि खरं सांगायचं तर बहुतेक शाळांमध्ये उलटंच दिसतं, तिथल्याच एखाद्या सर-मॅडम स्वतःच्या मोबाइलवरून मुलांचे फॉर्म भरून देतात, शाळा सुटल्यावर थांबून तयारी घेतात. शाळा कमजोर असते ती माणसं कमी आणि कामं जास्त म्हणून, हे मुलासमोर बोलताना पण लक्षात ठेवा. ज्या शाळेत ते पाच वर्षं गेलं तिला त्याच्यासमोर भंगार म्हटलं की त्याला स्वतःबद्दल पण तेच वाटायला लागतं.

आता अभ्यास. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० मार्क, मराठीत देता येतो, निगेटिव्ह मार्किंग नाही. ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे म्हणजे ५० मार्क, २० गणिताचे २५ मार्क, २० भाषेचे २५ मार्क. हे मार्कांचं गणित नीट बघा कारण कमजोर शाळेतल्या मुलाला संधी इथंच आहे. अर्धा पेपर म्हणजे ती बुद्धिमत्ता, आणि त्यात नुसत्या आकृत्या असतात, एक अक्षर वाचायचं नसतं. वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशात कसं दिसेल, कागदाला घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी शोधा, अशा दहा प्रकारांचे चार-चार प्रश्न. याला कुठली महागडी शाळा लागत नाही, डोळे आणि सराव लागतो, आणि तो गल्लीतल्या मुलालाही तेवढाच जमतो जेवढा कॉन्व्हेंटवाल्याला.

घडीवाले प्रश्न पुस्तकात बघून नाही समजत. जुना वर्तमानपत्राचा कागद घ्या, चौकोनी कापा, मुलाच्या हातात द्या, एक घडी, दुसरी घडी, मग पंचिंग मशीननं एक भोक, आणि उघडायच्या आधी विचारा की किती भोकं दिसतील आणि कुठं. ते कागदावर बोट ठेवून सांगेल, चुकेल, उघडून बघेल, परत करेल. थोड्या दिवसांनी कागद न घेताच डोळे मिटून सांगायला लागतं. आरशाचंही तसंच, खरा आरसा ठेवा बाजूला. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आधीच्या वर्षांचे पेपरसंच स्वस्तात मिळतात, एखादा घ्या, दहा गाइड नका घेऊ.

गणितात शाळेनं पाया कच्चा ठेवला असेल तर तो कच्चाच राहतो, इथं पळवाट नाही. पाढे, भागाकार, अपूर्णांक, दशांश. परीक्षेत लसावि-मसावि, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ येतं, पण ज्या मुलाला तीन अंकी भागाकार येत नाही त्याला क्षेत्रफळाचं सूत्र पाठ करून द्यायचं म्हणजे मुलावर अन्याय आहे, क्लासवाले नेमकं तेच करतात. जून-जुलैत फक्त भागाकार आणि अपूर्णांक घ्या, लाज वाटून घेऊ नका की पाचवीतलं पोरगं तिसरीचं गणित करून राहिलं. पोळीचे तुकडे करून दाखवा, दुकानात सुटे पैसे त्याला मोजू द्या. गणपतीनंतर पुढचे धडे.

भाषेचं लोकांना सोपं वाटतं आणि तिथंच मार्क जातात. उतारे असतात आणि त्यांच्यावर प्रश्न. आपली मुलं उतारा धाडधाड वाचतात पण वाचलेलं डोक्यात जात नाही, कारण शाळेत मोठ्यानं वाचायला लावतात आणि वाचलं की झालं. रोज पेपरमधली एक छोटी बातमी घ्या, लोकमत, तरुण भारत, जो घरी किंवा शेजारी येत असेल तो, मुलानं मनात वाचायची, मग पेपर पालथा घालायचा आणि विचारायचं काय झालं, कोणी केलं, का केलं, आणि शेवटी एक प्रश्न असा की ज्याचं उत्तर बातमीत थेट लिहिलेलं नाही. सुरुवातीला मूल गप्प बसतं, घाबरू नका. हे रोज पंधरा-वीस मिनिटं दिवाळीपर्यंत केलं तर फरक तुम्हालाच दिसेल, आणि आईवडलांना स्वतःला वाचता येत नसेल तरी हे घेता येतं, मुलानं सांगितलेलं ऐकून "मग पुढं काय झालं" एवढं विचारता आलं तरी पुरे. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून राहिला असाल तर गणित आणि बुद्धिमत्ता दोन्हीकडं कामी येते, वेगळं काही करायची गरज नाही.

नोव्हेंबरपासून ओएमआर, म्हणजे उत्तराचे गोल भरायची शीट. हे मी मुद्दाम सांगते कारण मनपा शाळेतल्या मुलानं ओएमआर शीट आयुष्यात पाहिलेली नसते. निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं गोल भरायचा, खोडता येत नाही, व्हाइटनर चालत नाही. मूल एक प्रश्न सोडून पुढं जातं आणि गोल मात्र सोडलेल्याच नंबरवर भरतं, मग तिथून पुढचं सगळं एक घर वर सरकतं, उत्तरं बरोबर आणि मार्क शून्य. झेरॉक्सवाल्याकडून कोऱ्या शीट काढून आणा आणि सवय अशी लावा की प्रत्येक वेळी डाव्या हाताचं बोट प्रश्नाच्या नंबरवर आणि उजव्या हातात पेन. घड्याळ लावून रविवारी साडेअकरा ते दीड पूर्ण पेपर, कारण खरी परीक्षा पण त्याच वेळेत असते आणि त्या वेळी मुलांना भूक लागते, त्याची पण सवय पाहिजे. निगेटिव्ह नाही म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, शेवटची पाच मिनिटं त्याच्यासाठी.

परीक्षेच्या दिवशी घरात सगळ्यांनी शांत राहा, एवढंच. सेंटर आदल्या दिवशी बघून या.

रिझल्ट साधारण मार्चमध्ये किंवा त्यानंतर येतो. पहिल्या लिस्टमध्ये नाव नसलं तर लगेच हाय खाऊ नका, जागा रिकाम्या राहिल्या तर पुढं वेटिंगमधून पण नावं लागतात, मोबाइल नंबर चालू ठेवा. नाव लागलं तर कागद तपासणी, मेडिकल, जुन्या शाळेतून टीसी. टीसी मात्र तिकडची अॅडमिशन पक्की झाल्यावरच काढा.

आणि इथून खरं शाळा बदलणं सुरू होतं, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळे पेढे वाटतात आणि दहा-अकरा वर्षांचं मूल एकटं हॉस्टेलला जाऊन पडतं. मधले दोन-तीन महिने असतात ते वाया घालवू नका. स्वतःचे कपडे धुणं, गादी घडी करणं, पोट दुखलं तर मोठ्या माणसाला जाऊन सांगणं, ताटात पडलेलं खाणं, सकाळी अंधारात उठणं, हे घरी शिकवा. पोट दुखलं तर सांगणं हे सगळ्यात महत्त्वाचं, आपली मुलं सरांना सांगायला घाबरतात आणि ताप अंगावर काढतात. पत्र्याची पेटी घ्या, कुलूप दोन चाव्यांचं, एक चावी तुमच्याकडं. कपड्यांवर नाव मार्करनं टाकू नका, चार धुण्यात जातं, कॉलरच्या आत रंगीत दोऱ्यानं शिवा, प्रत्येक कपड्याला तोच रंग, म्हणजे वाळत घातलेल्या पन्नास पांढऱ्या शर्टांतून आपला लांबूनच ओळखू येतो.

पहिले काही आठवडे मूल रडतं. फोनवर "मला घेऊन जा" म्हणतं. आईचं काळीज तुटतं हे मला माहीत आहे, पण त्या वेळी "पुढच्या रविवारी घेऊन जाईन" असं खोटं वचन देऊ नका, ते मूल रविवार मोजत बसतं आणि तिथं रमतच नाही. "भेटीच्या रविवारी मी येणार, तोपर्यंत मित्राचं नाव सांग, जेवायला काय होतं सांग" असं बोलायचं. आणि भेटीला नक्की जायचं, पाऊस असो काही असो. जाताना डबा एकट्यापुरता नका नेऊ, चार मुलांना पुरेल एवढा न्या, ज्यांच्या घरून त्या दिवशी कोणी आलं नाही ती मुलं बाजूलाच उभी असतात. पण रडण्यापलीकडं काही दिसलं, मूल बोलेनासं झालं, खाईना, कोणी मारतं म्हणालं, तर ते अंगावरून जाऊ देऊ नका, त्याच दिवशी हाउस मास्टर (हॉस्टेलात मुलांकडं बघणारे सर) आणि प्रिन्सिपलना भेटा.

दुसरा धक्का पहिल्या युनिट टेस्टला बसतो. जुन्या शाळेत ज्याचा नंबर पहिला होता तो तिथं पंचविसावा येतो, कारण तिथं बसलेलं प्रत्येक मूल कुठल्या तरी शाळेतलं पहिलंच आहे. घरून रागावलात तर संपलं. या वेळी विचारायचं एवढंच की कुठल्या विषयात समजत नाही. बहुतेक वेळा उत्तर इंग्रजी असतं. सुरुवातीला मराठीचा आधार असतो पण नववीपासून गणित-विज्ञान पूर्ण इंग्रजीतून होतं, तोपर्यंत शब्द जमायला पाहिजेत, म्हणून सुट्टीत घरी आलं की विज्ञानाचे इंग्रजी शब्द एका वहीत, बाजूला मराठी अर्थ, रोज थोडे. हिंदीचं टेन्शन नाही, नागपूरचं पोरगं हिंदी गल्लीतच शिकून जातं, आणि हॉस्टेलात त्याचा फार फायदा होतो.

मायग्रेशनचं पण आत्ताच माहीत असू द्या, नववीत साधारण ३० टक्के मुलांना एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात आणि तिकडची मुलं इकडं येतात. अॅडमिशनच्या वेळेस त्याचं हमीपत्र घेतात, ते न वाचता सही करून नंतर नववीत गोंधळ घालणारे पालक बघितलेत, त्यात मुलाचंच नुकसान होतं. जाऊन आलेली मुलं धीट होऊन येतात हे मात्र मी स्वतः पाहिलंय.

नाव नाही लागलं तर? बहुतेकांचं नाही लागत, आणि पहिल्यांदा मुलाला हे सांगा की जागाच कमी होत्या. मग पुढचे दरवाजे बघा. आठवीत असताना नववीसाठी नवोदयची परत परीक्षा असते, रिकाम्या जागांवर, त्यात इंग्रजी १५, हिंदी १५, गणित ३५, विज्ञान ३५ मार्क, अडीच तास. जागा कमी असतात पण बसणारेही कमी असतात. तसंच दहावीनंतर अकरावीलाही रिकाम्या जागांवर प्रवेश होतो. आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळांची वेगळी परीक्षा आहे. आणि आठवीतच एनएमएमएस, ज्याच्याकडं लोकांचं लक्षच नाही. ही केंद्राची शिष्यवृत्ती सरकारी, मनपा-झेडपी आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना मिळते, नवोदयवाल्यांना नाही. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, सातवीत ५५ टक्के पाहिजेत (एससी-एसटीला ५ टक्के सूट), पेपर दोन, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात. पाचवीत नवोदयसाठी जी आकृत्यांची तयारी केली ती इथं जशीच्या तशी कामी येते. फॉर्म शाळेमार्फत जातो, त्यामुळं आठवी सुरू झाली की सरांना स्वतः जाऊन विचारा की आपल्या शाळेतून यंदा एनएमएमएसला किती मुलं बसवून राहिले, आणि उत्पन्नाचा दाखला व मुलाच्या नावाचं आधार लिंक असलेलं बँक खातं तेव्हाच तयार करून ठेवा.